साहेबांच्या लॉनमधलं शेवाळ

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावाबाहेरच्या मळ्यांचे भराभर प्लॉट पडले, आणि त्यातल्याच एका प्लॉटवर भुजंगनं घर बांधलं. घर बेताचंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ओसरी. पण ओसरीपुढं लॉन पाहिजे म्हणजे पाहिजेच, हा त्याचा हट्ट. नांदेडला होस्टेलात राहून शिकत होता तेव्हा एका साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणाला धरून तो हिरवळ बघत उभा राहिला होता, आणि तिथल्या माळ्यानं त्याला 'चल हट' म्हणून हाकललं होतं. माणूस अपमान विसरतो म्हणतात. कसला विसरतो! भुजंगनं तो मनात जपून ठेवला आणि हातात पगार येताच घरापुढं पेरला.

त्याची माय केवळाबाई कंधारकडची. म्हातारपणी लेकाकडं राहायला आलेली. तिला त्या लॉनचं काडीचं कौतुक नव्हतं. "ना भाजी ना भाकर. एखादी बकरी तरी बांध की त्याच्यावर," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची आणि सून चांगुणा पदर तोंडाला लावून हसायची. नात उत्पला मात्र दिवसभर त्या गवतावर अनवाणी नाचायची. बालवाडीतली पोर, पायात चप्पल ठरत नव्हती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोला सकाळी हात जोडले की ही निघाली लॉनवर.

मग पाऊस रुसला. एक साल रुसला, दुसऱ्या सालीही आलाच नाही. काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडल्या. भुजंग नव्या कलेक्टर कचेरीत टंचाईच्या कामावर होता, कुठल्या गावाला टँकर पाठवायचा हे बघायचं काम. गल्लीतही टँकरच येत होता आणि बायका हंडे-कळश्या मांडून भांडत होत्या. "लोक घोटभर पाण्यासाठी रांगेत, आन् मी गवताला पाणी पाजू? तोंडावर थुंकतील लोक," असं म्हणून भुजंगनं त्याच दिवशी लॉनचं पाणी बंद केलं. महिन्याभरात लॉनचा कडबा झाला. त्याला वाईट वाटलं.

आणि त्या कडब्यात, कोपऱ्यातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली, शेवाळ आलं.

पहिल्यांदा दिसलं ते केवळाबाईलाच. सकाळी लिंबाची काडी मोडायला गेली आणि पायाला गार लागलं. तिनं खाली बघितलं. हिरवंगार, ओलसर, बोट लावलं तर मऊ. आजूबाजूला धूळ उडत होती आणि हे आपलं नुकतंच कुणीतरी पाणी शिंपडून गेल्यासारखं. असलं शेवाळ तिनं याआधी एकाच जागी बघितलं होतं, आणि ती जागा ती सपनातसुद्धा टाळत होती.

ती जागा म्हणजे तिच्या गावच्या माळावरची पडकी बारव. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गावातली विहीर वरच्या आळीची. बौद्धवाड्यातल्या बायांनी खाली घागरी मांडून उभं राहायचं आणि वरून कुणी वाढलं तर पाणी न्यायचं, अशी रीत. छप्पन साली धर्म बदलला, पण विहिरीपाशी काही बदललं नव्हतं. दुष्काळात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि वाढणारे हात बंद झाले. मग वाड्यानं माळावरच्या बारवेची वाट धरली. खोल, अंधारी, पायऱ्या शेवाळानं बरबटलेल्या, आणि तळाला थोडंसं पाणी. केवळाबाई तेव्हा सरकारी कामावर खडी फोडायला जायची. भुजंग नांदेडला. घरात एक लेक होती, विशाखा. शहाणी पोर. "जा गं, एक घागर घेऊन ये. संभाळून उतर," असं केवळाबाई तिला म्हणाली आणि हातोडा घेऊन कामावर गेली. पोर संभाळूनच उतरली असणार. पण शेवाळाला कुणाची कीव येते का?

दुपारी पोरीला वर काढलं. घागर काही सापडली नाही.

एवढं भुजंगला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की त्याच दिवशी संध्याकाळी सगळा वाडा त्याच बारवेचं पाणी प्यायला. दुसरं पाणीच नव्हतं तर करतात काय? सुतक असलेल्या घरातल्या चुलीपाशी कुणीतरी एक तांब्या आणून ठेवला. दिवसभर रडून केवळाबाईचा घसा कोरडा पडला होता. तिनं तो तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. ही गोष्ट तिनं आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

तर असं ते शेवाळ. केवळाबाईनं लगेच खुरपं आणलं आणि शेवाळ खरवडून काढलं. घमेल्यात भरून रस्त्यापलीकडं फेकलं. "काय झालं आत्याबाई?" असं चांगुणानं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई. पोरगी घसरंल. तिला इकडं येऊ देऊ नको."

दोन दिवसांनी शेवाळ पुन्हा हजर.

मग भुजंगनं मनावर घेतलं. आधी चुना टाकला. पांढरा थर बसला, आणि चारच दिवसांत त्या थराच्या खालून हिरवं डोकं वर निघालं. मग द्राक्षबागेवाल्या मित्राकडून मोरचूद आणलं, ते निळं पाणी टाकलं. शेवाळ काळं पडलं, वाळलं, भुजंग खूश झाला. पुढल्या आठवड्यात बघतो तर शेवाळ जुन्या जागेवर नाहीच, दोन पावलं अलीकडं आलंय. लिंबापासून निघालं आणि ओसरीच्या वाटेला लागलं.

"माय, तू पाणी टाकून राहिलीस का तिथं?" भुजंगनं विचारलं.

"मी? मी कशाला टाकू रे? मला काय येड लागलं?"

"मग आलं कुठून हे? शेवाळाला पाणी लागतंय."

शेवाळाला पाणी लागतंय हे केवळाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणी कुठून येतंय हेच तर ती रोज स्वतःला विचारत होती आणि रोज तिला एकच उत्तर सुचत होतं. पोर तहानलेली हाय. घागर भरायला गेली होती, अजून भरतीच हाय. आता घरला यायला निघाली हाय. आणि घरात उत्पला हाय, तिच्याच वयाकडं चाललेली.

भीती बसली ती बसलीच. तिनं उत्पलाला लॉनवर जायची साफ बंदी केली. पोरगी रडली, आदळआपट केली, पण आजी हटली नाही. सकाळ झाली की म्हातारी खुरपं घेऊन उकिडवी बसायची आणि खरवडत राहायची. खरवडताना हळूच बोलायची, "जा माय. जा परत. इथं नको येऊस. तुझ्या भावाची लेक हाय ती." चांगुणानं एकदा ते ऐकलं आणि नवऱ्याला सांगितलं. तो शिकलेला माणूस, भुताखेतावर विश्वास नाही. पण मायच्या तोंडून 'जा परत' ऐकून त्यालाही कसंसंच झालं.

इकडं गल्लीची जीभ सुटली होती. शेजारच्या घरातला रेवणप्पा, ज्याच्या मळ्याचे हे सगळे प्लॉट पडले तोच, पारावर बसून म्हणायचा, "साहेबाच्या घरी हिरवळ कशी? आमच्या पोरांना प्यायला न्हाई आन् यांच्या गवताला टँकर?" म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातंय! आणि साहेब बौद्ध म्हटल्यावर तर काही लोकांच्या जिभेला जरा जास्तच धार चढायची. बोलता बोलता ते कचेरीत पोचलं. वरच्या साहेबांनी भुजंगला बोलावून नुसतं हसत विचारलं, "तुमचं लॉन चांगलं राहिलंय म्हणे?" त्या हसण्यानं भुजंगची मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. रात्रंदिवस गावोगाव टँकर पळवणारा माणूस, आणि त्याच्यावर चोरीचा आळ! तो घरी आला, चप्पलही न काढता लॉनवर उभा राहिला आणि म्हणाला, "बास. रविवारी माणसं लावतो. सगळी शहाबादी फरशी टाकून घेतो. लॉन नको आन् शेवाळही नको."

केवळाबाईला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. फरशी टाकल्यावर ती पोर खाली दबून राहील. पुन्हा खाली. तिला हे सुचलं आणि तिला स्वतःचाच राग आला. तू तर तिला हाकलून राहिलीस ना रोज? मग आता का जीव तुटतोय?

दुसऱ्या दिवशी रेवणप्पाची बायको शरणम्मा कुंपणापाशी आली. ती निलंग्याकडची, बोलता बोलता मध्येच कानडी निघायचं. बाई मनाची चांगली, नवऱ्यासारखी नाही. म्हणाली, "अक्का, मी सांगते ते ऐक. तिथं साती आसरा हायत, पाण्यातल्या. हिरवा खण ठेव, हिरव्या बांगड्या ठेव, नारळ फोड. शेवाळ जाईल."

"आम्ही देव सोडून तीस सालं होत आली शरणम्मा. आता तुझ्या आसरांना कुठं घरात घेऊ?" केवळाबाई म्हणाली. "आन् तुला कसं ठाऊक तिथं आसरा हायत म्हणून?"

शरणम्मानं मागं वळून बघितलं. नवरा जवळपास नव्हता. मग आवाज उतरवून बोलली, "आड होता तिथं. माझ्या सासऱ्यानं खांदलेला. लई पाणी. जिल्हा झाला, प्लॉट पाडायचे आले, मग आडाची जागा कोण सोडतंय? मुरुम टाकून बुजवला. आमच्यात आड बुजवायच्या आधी एक घागर शेंदून दुसऱ्या विहिरीत नेऊन ओतायची असती. जितं पाणी पुरू नये म्हणत्यात. मी म्हणलं ह्यांना. ह्यांना कुठली सवड? टाका म्हणले मुरुम."

"जितं पाणी पुरलं," केवळाबाई हळूच म्हणाली.

"हाव. म्हणून ते वर येऊन राहिलंय. तू माझ्या नवऱ्याला सांगू नको हं मी बोलले म्हणून."

केवळाबाई कुठली सांगते! ती ओसरीत येऊन बसली आणि दुपारभर लिंबाकडं बघत राहिली. आड असू दे, बारव असू दे, तिला त्यात फरक दिसत नव्हता. जमिनीखाली सगळं पाणी एकच असतं असं तिची आजी सांगायची. कंधारच्या माळाखालचं पाणी लातूरच्या मळ्याखाली यायला काय बसची वाट बघतंय?

शनिवारी ऐन दुपारी, उन्हानं डोळे दिपत होते तेव्हा, केवळाबाईचा ओसरीत जरा डोळा लागला. चांगुणा आत भांडी घासत होती, राखेनं, पाणी वाचवून. म्हातारीला जाग आली ती शांततेनं. उत्पलाची बडबड ऐकू येईना. तिनं डोळे उघडले. पोरगी लॉनवर, शेवाळाच्या मधोमध, पालथी पडून जमिनीला कान लावून होती.

"उत्पले!"

पोरीनं मान वर केली नाही. फक्त बोट ओठावर ठेवलं. "हळू आजी. खाली कुणीतरी घागर भरून राहिलंय."

"ऊठ तिथनं! ऊठ म्हणते ना!"

"आईक ना. बुडुक बुडुक करतीय. भरत आली."

आता बघा, ही पोर नळावर आणि टँकरवर वाढलेली. आडात घागर बुडवतात तेव्हा कसा आवाज येतो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, घरात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. केवळाबाई उठली, धावली, लॉनवर गेली. पोरीचा हात धरला आणि ओढणार तोच तिच्याही कानांवर ते आलं. पायाखालून. बुडुक, बुडुक, आणि मग घागर भरल्यावर येतो तसा एक जड, तृप्त हुंकार.

"विशाखे?" तिच्या तोंडून निघालं. जा परत, असं या खेपेला ती म्हणाली नाही.

आणि जमीन बसली.

शेवाळाचा तो सबंध तुकडा, पोरीसकट, एकदम खाली गेला. मोठा आवाजही झाला नाही, पीठ चाळताना होतो तेवढाच. उत्पला कमरेपर्यंत खड्ड्यात, मग छातीपर्यंत, मग दिसेनाशी झाली. पण तिचा हात केवळाबाईच्या हातात होता. म्हातारी पालथी पडली, हनुवटी जमिनीला घासली, खांद्यातून कळ गेली. शेवाळाच्या चिखलानं पोरीचं मनगट निसटत होतं, बोट बोट खाली सरकत होतं. "सोडू नको मला आजी!" पोर ओरडली. "न्हाई सोडणार! मेले तरी न्हाई सोडणार!" म्हातारी किंचाळली. चांगुणा राखेच्या हातानं धावत आली, तिनं सासूचे पाय धरले, शरणम्मा कुंपण ओलांडून आली, तिनं चांगुणाला धरलं. पोर वर आली. चिखलानं माखलेली, भेदरलेली, पण जिती.

केवळाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि ती रडली. बहात्तर साली जशी रडली होती तशी, गळा काढून. कितीतरी वेळ तिच्या हाताची मूठ उघडेना. चांगुणानं बळंच एकेक बोट सोडवलं तेव्हा पोरीच्या मनगटावर आजीच्या बोटांचे वळ होते.

भुजंग धावत घरी आला. माणसं गोळा झाली. बुजवलेला मुरुम खाली खचला होता आणि लिंबाच्या मुळांपलीकडं आडाचं काळं तोंड उघडं पडलं होतं. भुजंगनं आत बॅटरी मारली. खाली, फार खोल नाही, पाणी चमकलं.

गल्ली वाकून वाकून बघायला लागली. रेवणप्पा तर असा उभा होता, जणू कुणी थोबाडीत मारलीय. त्याच्याच बापाचा आड, त्यानंच बुजवलेला. भुजंगला त्या क्षणी त्याला बरंच काही सुनवता आलं असतं. तो नुसता म्हणाला, "काका, तुमच्याकडं शेंदायचा नाडा आणि घागर असंल तर आणा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फरशी टाकायला लावलेल्या माणसांनी फरशी टाकलीच नाही. त्यांनी सैल माती काढली, आडाचं जुनं दगडी तोंड मोकळं केलं, आडवी लाकडं टाकली. गल्लीभर बातमी झाली होती. लॉनवर, म्हणजे लॉन राहिलं होतं तिथं, बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, सगळ्या एका रांगेत. कुणी पाणी वाढावं अशी वाट बघत.

केवळाबाई पुढं झाली. तिनं उभ्या जन्मात आडाचं पाणी आपल्या हातानं शेंदलं नव्हतं. पण नाडा कसा सोडायचा ते हातांना ठाऊक होतं, दुसऱ्यांना शेंदताना बघत ती कितीतरी दुपारी खाली उभी राहिली होती. घागर खाली गेली. बुडुक, बुडुक. सगळ्यांनी ऐकलं. घागर वर आली तेव्हा तिच्या गळ्याभोवती शेवाळाची एक हिरवी दोरी गुंडाळलेली होती. केवळाबाईनं ती काढून फेकली नाही. हळूच सोडवली आणि कमरेला खोचली.

ती पहिली घागर तिनं कुणालाच दिली नाही. शरणम्माकडं बघून म्हणाली, "ही दुसऱ्या विहिरीत नेऊन ओतून ये. आड बुजवताना राहिलेली हाय ती." शरणम्मानं मान डोलवली आणि घागर डोक्यावर घेतली. रेवणप्पानं बाजूला होऊन तिला वाट दिली.

दुसरी घागर वर आली. आता पाणी प्यायचं कुणी, यावर कुजबुज सुरू झाली. बुजलेल्या आडाचं पाणी, वास मारत असंल, आजार होईल. "आधी तपासायला पाठवतो," भुजंग म्हणाला. "तोवर कुणी पिऊ नका. माय, तू तर अजिबात नको."

पण केवळाबाईनं ओंजळ पुढं केली होती. उत्पला तिच्या पदराला धरून होती. चांगुणानं सासूच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि न बोलता घागर वाकडी केली. म्हातारी प्यायली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मग ती डोळे मिटून तशीच उभी राहिली, आणि भुजंग घाबरला.

"माय? कसं हाय पाणी?"

"गोड हाय," ती म्हणाली.

बायकांनी घागरी पुढं सरकवल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाड्याला हात घातला, रांग मोडली. केवळाबाई बाजूला सरली आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसली. कमरेची हिरवी दोरी तिनं मुठीत धरली होती. तीच चव होती. तीच, तंतोतंत, शेवाळाचा वास मारणारी. त्या संध्याकाळी चुलीपाशी तांब्या रिकामा केला तेव्हाही ते पाणी तिला गोडच लागलं होतं, आणि एवढंच तिला इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं.